ऐंशीव्या वर्षी शिखर कसे गाठतात?



या अंकातील अभ्यासलेखासाठी पर्वतारोहण हा विषय घेतला आहे. मराठीत याला गिर्यारोहण असा चांगला शब्द आहे. पण माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, त्यामुळे तोंडात पर्वतारोहणच बसले आहे, आणि आपल्या इंदुरात दोन्ही शब्द चालतात. विषय पर्वताचा असला, तरी हा लेख तरुण वीरांविषयी नाही. सत्तरी-ऐंशी ओलांडून शिखरावर जाणाऱ्या माणसांविषयी आहे.

हा विषय का घेतला ते सांगतो. आपल्या शाळेतील अनेक मुले आजी-आजोबांच्या सहवासात वाढतात. घरात एक वाक्य वारंवार ऐकू येते : "आता तुमचे वय झाले, तुम्ही बसा." ते प्रेमाने म्हटले जाते. कधी ते योग्य असते, तर कधी त्या एका वाक्याने चालते-फिरते माणूस खुर्चीत अडकून पडते. थांबवावे केव्हा आणि साथ द्यावी केव्हा, हे ओळखायचे कसे? ते आज आपण अतिशय अवघड उदाहरणावरून शिकू.

१. पाचशे मीटरची टेकडी आणि ८,८४८ मीटरचे शिखर

युइचिरो मिउरा यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९३२ रोजी जपानमध्ये झाला. तरुणपणी ते बर्फावरून घसरत जाण्याच्या, म्हणजे स्कीइंगच्या खेळात नावाजलेले होते. ६ मे १९७० रोजी एव्हरेस्टवरील सुमारे ८,००० मीटर उंचीच्या साउथ कोल या खिंडीपासून ते पाठीला पॅराशूट बांधून स्कीवर खाली आले. त्यावर निघालेल्या माहितीपटाला पुढे ऑस्कर पारितोषिकही मिळाले.

एवढा मोठा खेळाडू, पण साठीत काय झाले? व्यायाम सुटला, खाणे वाढले, वजन वाढले, रक्तदाबही वाढला. ते राहत त्या साप्पोरो शहराजवळ जेमतेम पाचशे मीटरची टेकडी आहे. ती चढतानाही त्यांना धाप लागू लागली. मुलांनो, हा भाग लक्षात ठेवा. तरुणपणीची कीर्ती म्हातारपणी उपयोगी पडली नाही. शरीर बँकेच्या मुदत ठेवीसारखे नसते, की एकदा ठेवले आणि वाढत राहिले.

घरात मात्र दुसरे उदाहरण होते. त्यांचे वडील केइझो मिउरा नव्वदी उलटल्यावरही स्कीइंग करत होते. २००३ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी, त्यांनी युरोपातील माँ ब्लाँ पर्वतावरची हिमदरी स्कीवर पार केली. वडील असे, आणि मुलगा गोता ऑलिंपिकमध्ये खेळलेला! मधल्या पिढीच्या मिउरांनी ठरवले की सत्तराव्या वर्षी एव्हरेस्ट चढायचे.

त्यांनी लगेच हिमालय गाठला नाही. पायाच्या घोट्यांना वजने बांधून आणि पाठीवर भरलेली पिशवी घेऊन ते रोजच्या रस्त्यांवरून चालू लागले. वजने हळूहळू वाढवली. मग लहान डोंगर, मग मोठे डोंगर. अशी काही वर्षे गेली. २२ मे २००३ रोजी, सत्तराव्या वर्षी, ते एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. २६ मे २००८ रोजी पंचाहत्तराव्या वर्षी पुन्हा गेले, आणि २३ मे २०१३ रोजी ऐंशीव्या वर्षी तिसऱ्यांदा. मधल्या काळात हृदयाच्या ठोक्यांतील अनियमिततेसाठी त्यांच्यावर एकाहून अधिक वेळा उपचार झाले. २००९ मध्ये स्कीइंग करताना पडून मोठे हाड मोडले. तिसऱ्या चढाईच्या काही महिने आधीही हृदयावर उपचार करावे लागले होते.

२. वय वाढते तेव्हा शरीरात काय घडते?

आता थोडे विज्ञान आणि थोडे गणित.

हृदय एका मिनिटात जास्तीत जास्त किती ठोके देऊ शकते, याचा एक ढोबळ हिशेब आहे : २२० मधून वय वजा करा. वीस वर्षांच्या तरुणासाठी २००, ऐंशी वर्षांच्या आजोबांसाठी १४०. हा हिशेब प्रत्येकाला तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा बरोबर दाखवतो.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावर चढण्याची ताकद अवलंबून असते. तिशीनंतर ही क्षमता दर दहा वर्षांनी साधारण १० टक्क्यांनी उतरते. तिशीत ती १०० धरली, तर चाळिशीत ९०, पन्नाशीत ८१, साठीत ७३, सत्तरीत ६६ आणि ऐंशीव्या वर्षी ५९. नियमित व्यायाम करणाऱ्यांची घट हळू होते, आणि बसून राहणाऱ्यांनी चालणे सुरू केले तर गमावलेली काही ताकद परतही येते. स्नायू आणि हाडेही वयाबरोबर झिजतात. तोल सांभाळणे कठीण होते आणि जखम भरायला वेळ लागतो.

म्हणजे वय हा केवळ मनाचा खेळ आहे, असे जे भाषणांत सांगतात ते खरे नाही. घट खरी आहे आणि मोजता येते. मिउरांनी ती नाकारली नाही. त्यांनी ती हिशेबात धरली.

३. उंचीवर काय घडते?

आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा थोडाच कमी असतो. एव्हरेस्टचा बेस कॅम्प सुमारे ५,३६० मीटरवर आहे. तेथे हा दाब जवळजवळ निम्मा होतो. ८,८४८ मीटरच्या माथ्यावर तो एक तृतीयांशाच्या आसपास असतो. हवेत प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असते, पण दाब कमी झाल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी येतो.

उंचीची सवय शरीराला हळूहळू होते. श्वास खोल होतो, रक्तातील तांबड्या पेशी वाढतात. याला वेळ द्यावा लागतो. म्हणून पर्वतावर असा नियम पाळतात की ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून अधिक उंच नसावा, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी.

वय जास्त म्हणून उंचीचा त्रास जास्तच होतो, असे मात्र नाही. तो मुख्यतः चढण्याच्या वेगावर अवलंबून असतो. धडधाकट तरुण जोशात भराभर चढतो आणि डोके धरून बसतो. सावकाश चालणारे आजोबा त्याच्या मागून येऊन चहा पीत असतात.

४. शिखर तेच, पद्धत वेगळी

मिउरांच्या तिसऱ्या चढाईचा अभ्यास करण्यासारखा भाग हा आहे. तरुण गिर्यारोहक एका दिवसात जेवढी वाट चालतात, तिचे त्यांच्या चमूने दोन भाग केले. अर्धा दिवस चालायचे आणि अर्धा दिवस विश्रांती घ्यायची. शेवटच्या टप्प्यावर बहुतेक लोक साधारण ८,००० मीटरवरून निघून थेट माथ्यावर जातात. मिउरांच्या चमूने मध्ये सुमारे ८,५०० मीटरवर आणखी एक मुक्काम केला. मुलगा गोता माथ्यापर्यंत बरोबर होता. शेर्पा आणि इतर साथीदार होते, कृत्रिम प्राणवायू होता. उतरताना ते फार थकले, म्हणून सुमारे ६,५०० मीटरवरील कॅम्प दोनपासून बेस कॅम्पपर्यंत त्यांना हेलिकॉप्टरने आणले गेले.

काहींनी यावर टीका केली की सगळे पायी उतरले नाहीत. टीका ऐकून घ्यावी. पण एक वडीलधारा माणूस जिवंत घरी परत आला, हेही त्याच हिशेबात लिहावे.

मिउरा एकटे नाहीत. जपानच्याच तामाए वातानाबे यांनी २००२ मध्ये ६३ व्या वर्षी आणि २०१२ मध्ये ७३ व्या वर्षी एव्हरेस्ट सर केले. स्पेनचे कार्लोस सोरिया यांचा व्यवसाय फर्निचरला गाद्या-कापड बसवण्याचा. त्यांची बहुतेक मोठी शिखरे साठीनंतरची आहेत : २००४ मध्ये ६५ व्या वर्षी के-२, २०१४ मध्ये ७५ व्या वर्षी कांचनगंगा, २०१६ मध्ये ७७ व्या वर्षी अन्नपूर्णा. आपल्या मध्य प्रदेशातील भोपाळच्या ज्योती रात्रे २०२३ मध्ये एव्हरेस्टवर ८,००० मीटरच्या वर जाऊन खराब हवामानामुळे परतल्या. १९ मे २०२४ रोजी, ५५ व्या वर्षी, त्या माथ्यावर पोहोचल्या. आदल्या वर्षी परत फिरल्या, म्हणूनच पुढच्या वर्षी जाऊ शकल्या.

५. दुसरी बाजू

अभ्यासलेखात एकच बाजू सांगणे बरोबर नाही.

नेपाळचे मिन बहादुर शेरचन हे माजी गुरखा सैनिक. २५ मे २००८ रोजी, ७६ व्या वर्षी, त्यांनी एव्हरेस्ट सर केले. दुसऱ्याच दिवशी पंचाहत्तर वर्षांचे मिउरा तेथे पोहोचले. त्यामुळे सर्वांत वयस्कर व्यक्तीचा विक्रम शेरचन यांच्या नावे राहिला. २०१३ मध्ये मिउरांनी तो मोडला. शेरचन यांना विक्रम परत मिळवायचा होता. ६ मे २०१७ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्याच प्रयत्नात बेस कॅम्पवर त्यांचे निधन झाले. त्यानंतर वयाला वरची मर्यादा असावी का, अशी चर्चा नेपाळमध्ये झाली. किमान वयाची मर्यादा, १६ वर्षे, तेथे आधीपासून आहे.

कार्लोस सोरिया यांचा मे २०२३ मध्ये, ८४ व्या वर्षी, धवलगिरीवर पाय मोडला. त्यांना खाली आणण्यासाठी अनेक शेर्पा आणि गिर्यारोहकांनी दिवसरात्र कष्ट घेतले व स्वतःचा जीव धोक्यात घातला. आणि १९७० च्या ज्या मोहिमेने मिउरा जगप्रसिद्ध झाले, तिच्यात खुंबू हिमप्रपातात सहा शेर्पा मृत्युमुखी पडले होते. हे तरुणपणीच्या मोहिमेत घडले, म्हणजे दोष वयाचा नव्हता. पण एकाच्या शिखराची किंमत दुसऱ्याचे घरही मोजत असते, हे कोणत्याही वयात विसरता येणार नाही.

अभ्यासकांनी एव्हरेस्टवर प्रथमच जाणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या आहेत. १९९० ते २००५ या काळात साधारण एक तृतीयांश लोक माथ्यावर पोहोचत. २००६ ते २०१९ मध्ये साधारण दोन तृतीयांश पोहोचले. साठीतल्या व्यक्तीला आता यशाची जेवढी संधी असते, तेवढी पूर्वी चाळिशीतल्या व्यक्तीला असे. ही आनंदाची गोष्ट. पण चाळिशीनंतर यशाची शक्यता कमी होत जाते, हे तेव्हाही खरे होते आणि आताही आहे. मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास राहिले आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठीच्या पुढच्यांना, विशेषतः उतरताना, धोका जास्त आढळला होता. म्हणजे शिखर हा प्रवासाचा मध्य असतो, शेवट नव्हे.

६. परत फिरणे

जानेवारी २०१९ मध्ये ८६ वर्षांचे मिउरा दक्षिण अमेरिकेतील ६,९६१ मीटर उंचीच्या अकोंकाग्वा शिखरावर निघाले. सुमारे ६,००० मीटरवर असताना बरोबरच्या डॉक्टरांनी हृदयाला धोका असल्याचे सांगितले आणि थांबायला सांगितले. माथा समोर होता. मिउरा खाली आले. मुलगा गोता पुढे जाऊन माथ्यावर पोहोचला.

२०२० मध्ये मानेच्या मणक्यातील रक्तस्रावामुळे मिउरांचे हातपाय दुबळे झाले. तरी ऑगस्ट २०२३ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, मुलगा व मित्रांच्या मदतीने विशेष चाकाच्या खुर्चीत बसून ते ३,७७६ मीटरच्या फुजी पर्वतावर गेले. या वेळी चढण्याचे बहुतेक काम इतरांच्या पायांनी केले. तीन वेळा एव्हरेस्ट चढलेल्या माणसाने खुर्चीत बसायला होकार दिला, ही मला त्यांच्या आयुष्यातील लहान गोष्ट वाटत नाही.

एव्हरेस्टवर पोहोचलेली जगातील पहिली स्त्री जुन्को ताबेई. त्या १९७५ मध्ये तेथे गेल्या. आयुष्याच्या शेवटी त्यांना कर्करोग झाला. तरी २०११ च्या भूकंप-सुनामीची झळ बसलेल्या भागातील शाळकरी मुलांना त्या दर वर्षी फुजीवर नेत. जुलै २०१६ मध्ये शेवटच्या वेळी त्या मुलांबरोबर गेल्या, आणि ऑक्टोबरमध्ये ७७ व्या वर्षी वारल्या. त्यांचे लक्ष्य बदलले होते. स्वतः माथा गाठण्याऐवजी मुलांना चढताना पाहणे हे ते लक्ष्य होते.

७. आपल्या घरासाठी यातून काय घ्यावे?

आपल्यापैकी कोणाचे आजोबा एव्हरेस्टवर जाणार नाहीत. पण आपल्या घरांतून ज्येष्ठ मंडळी वैष्णोदेवीला जातात, नर्मदा परिक्रमेला निघतात, क्वचित कोणी कैलास-मानसरोवरही मनात धरतात. भारत सरकारच्या कैलास-मानसरोवर यात्रेचे नियम पाहा. वय १८ ते ७०, आणि वजन-उंचीचे प्रमाण, म्हणजे बीएमआय, २५ किंवा त्याहून कमी. दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते आणि लिपुलेखच्या वाटेने जाणाऱ्यांची उंचीवर पुन्हा तपासणी होते. कैलासाच्या परिक्रमेतील डोल्मा ला ही खिंड ५,६०० मीटरच्या वर आहे, म्हणजे एव्हरेस्टच्या बेस कॅम्पहूनही उंच. या यात्रेला जायचे तर तयारी काही महिने आधी सुरू झाली पाहिजे. तिकीट काढल्यावर बूट घेणे ही तयारी नव्हे.

पालकांना माझी विनंती आहे. घरातील ज्येष्ठांनी एखादा बेत सांगितला, तर लगेच "नको" म्हणू नका आणि लगेच "वा वा" ही म्हणू नका. चार प्रश्न विचारा. डॉक्टरांना दाखवले का? रोज किती चालता? बरोबर कोण आहे? आणि कुठून परत फिरायचे हे निघण्यापूर्वीच ठरवले आहे का? चारही उत्तरे नीट असतील, तर साथ द्या. एखादे नसेल, तर ते तयार होईपर्यंत बेत पुढे ढकला. तो मोडून टाकू नका.

ज्येष्ठांनाही एक नम्र विनंती. डॉक्टर "थांबा" म्हणाले, तर तो अपमान समजू नये. ८६ व्या वर्षी मिउरा थांबले होते.

विश्वस्त मंडळासमोर एक प्रस्ताव ठेवतो. शाळेचे मैदान सकाळी सहा ते सात रिकामे असते. ते विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांसाठी चालायला खुले करावे. हिवाळ्यात महूजवळील जानापावच्या टेकडीवर आपली मुलांची सहल जाते. तिच्यात तीन महिने नियमाने चाललेल्या आणि डॉक्टरांची संमती असलेल्या आजी-आजोबांनाही घ्यावे. ज्यांना पूर्ण चढता येणार नाही, त्यांच्यासाठी अर्ध्या वाटेवर सतरंजी, पाणी आणि एक शिक्षक असावा. अर्ध्यावर थांबलेल्यांचे नावही सहलीच्या नोंदीत लिहिले जाईल, ही जबाबदारी माझी.

स्वाध्याय

१. आपल्या आजी किंवा आजोबांच्या हृदयाच्या ठोक्यांची ढोबळ कमाल मर्यादा काढा. स्वतःची काढा. फरक किती आला?

२. एक यात्रेकरू ३,००० मीटरवर मुक्कामाला आहे. रोज ५०० मीटरचा नियम पाळला, तर ५,००० मीटरवर मुक्काम करायला आणखी किमान किती रात्री लागतील? मध्ये विश्रांतीचा एक दिवस धरल्यास किती?

३. बीएमआय म्हणजे किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग. १.६० मीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन किती असले की बीएमआय २५ येईल?

४. मिउरांनी एव्हरेस्टसाठी पद्धत बदलली, तर ताबेईंनी लक्ष्य बदलले. या दोहोंत काय फरक आहे? आठ-दहा ओळी लिहा.

५. घरातील ज्येष्ठांना विचारा : "तुम्हाला अजून काय करायचे आहे?" उत्तर वहीत लिहून आणा. मध्येच बोलू नका, त्यांचे बोलणे पूर्ण होऊ द्या.

पाचवा प्रश्न सर्व वर्गांना सक्तीचा आहे. गुण नाहीत, पण वह्या मी स्वतः पाहणार आहे.